बफरच्या कपाळावरचं कुंकू

मी रिमोट. टीव्हीचा नव्हे, त्याचा मान वेगळा. मी होम थिएटरचा रिमोट. तळहातात मावेन एवढा, रंगानं काळा, अंगावर रबराची बटणं. मला तोंड नाही. माझ्या टोकाला एक बारीक दिवा आहे, पण त्याचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. बटण दाबलं की तो लुकलुकतो आणि माझा निरोप समोरच्या डब्याकडे निघतो. पोचला का, हे मला कुणी सांगत नाही. डबा वागला तसं आपण समजायचं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नीट आठवत नाही. खूप हात होते आणि सगळे हातमोज्यांतले होते. मग थर्माकोल, मग काळोख, मग पेणच्या बाजारातलं एक दुकान. तिथून हिरामणनं मला घेतलं तेव्हा त्याचं लग्न ठरायचं होतं. रोह्याकडच्या एका कंपनीत तो ठेकेदाराच्या हाताखाली शिफ्टला जायचा. घर कासू गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला. पुढल्या दारी भातखाचरं, मागल्या दारी उघाडीचं, म्हणजे खाडीच्या बांधातल्या झडपेचं पाणी.

घरी आल्याबरोबर हिरामणनं मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर रबर लावला. नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून. माणसं असंच करतात. वस्तू वापरायला आणतात आणि मग तिला आपल्याच हातापासून जपतात.

आमचा संच म्हणजे भिंतीवर टांगलेले छोटे स्पीकर आणि खाली लादीवर बसलेला मोठा डबा. त्या डब्याला गावात सगळे बफर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. गाण्याची धमक बफरमधून निघते. लादी थरथरते, कपाटातल्या बशा वाजतात. बफरच्या पुढच्या अंगाला एकच गोल बटण, आवाजाचं. त्याच्या वर काळ्या काचेची चिंचोक्याएवढी खिडकी. माझा निरोप आत जातो तो त्याच खिडकीतून. आणि धमक वाढवायची-उतरवायची सोय फक्त माझ्याकडे. बफरला ते बटणच नाही.

गावात कुणाची हळद असली की आमचा संच जायचा. रात्रभर नाच चालायचा. हळदीच्या बोटांनी मला दाबून दाबून माझी पिशवी पिवळी झाली. हिरामणच्या स्वतःच्या हळदीलाही मीच होतो. दुसऱ्या दिवशी सरू या घरात आली.

सरू मला फार जपून हातात घ्यायची. माहेरी असलं काही नव्हतं. कुठलं बटण कशाचं हे तिनं नवऱ्याला विचारलं नाही, सासू गोदूबाईलाही नाही. दुपारी घरात कुणी नसताना एकेक दाबून बघितलं आणि शिकली.

मग मुलगी झाली. गोदूबाईनं आपल्या आईचं नाव ठेवायला लावलं, बायजा. पण बोलताना सगळे नुसतं बाय म्हणायचे.

बाय बसायला लागली तशी सरू तिला बफरसमोर चटईवर बसवून कामाला लागायची. गाणं लागलं की बाय बसल्या बसल्या उड्या मारायची, टाळ्यांसारखे हात हलवायची, खिदळायची. शेजारपाजारचं कुणी आलं की गोदूबाई मुद्दाम गाणं लावायला सांगायची. म्हणायची, बघा माझ्या नातीला गाण्याचा किती कान हाय. आणि बाय नाचायची. मला फार बरं वाटायचं. एवढंसं लेकरू माझ्या निरोपावर हसतं, याहून रिमोटला काय पाहिजे?

पण सरूच्या मनात काहीतरी शिरलं होतं. आईचं मन ते, कुठून काय शिरतं कळत नाही. कुकरच्या शिट्टीनं बाय दचकायची नाही. एकदा मोरीत पितळी हंडा गडगडत गेला, सरूच घाबरली, पण झोळीतली बाय झोपूनच राहिली. गणपती आणले तेव्हा दारात फटाक्यांची माळ लागली. आजूबाजूची पोरं भोकाड पसरून रडली आणि आमची बाय आजीच्या खांद्यावरून धूर बघत राहिली. गोदूबाईचा ऊर भरून आला. ती म्हणाली, नात धीट हाय माझी, आजोबांवर गेली. सरू नुसती बायच्या पाठीकडे बघत होती.

त्याच गणपतीत ते झालं. सरू मोदकाची उकड मळत होती. मध्येच गाण्याचा आवाज कमी करायला तिनं पिठाच्या बोटानं मला दाबलं आणि बटण चुकलं. आवाजाच्या ऐवजी धमकेचं दाबलं गेलं, तेही दाबूनच धरलं गेलं. धमक उतरत उतरत बंद झाली. गाणं मात्र तस्सं चालू होतं, भिंतीवरच्या स्पीकरमधून, खणखणीत.

बाय थांबली. हात तसेच वर राहिले. तिनं बफरकडे बघितलं, मग लादीवर तळवा ठेवला, जसं काही कुणी उठून गेलं आणि ती त्याची जागा चाचपते आहे.

सरूनं धमक वाढवली. बाय पुन्हा नाचू लागली. सरूनं उतरवली. बाय पुन्हा थांबली. गाणं बाई बाई म्हणून गळा काढून चाललेलं आणि लेकरू गप्प. सरू तशीच बसली, उकड गार झाली. तिचा हात माझ्यावर होता.

त्या रात्री ती नवऱ्याला सांगायला गेली. हिरामण शिफ्टहून आला होता, डोळे मिटत होते. तो म्हणाला, काय तरी बोलतेस, गाणं लागलं की हसते की नाय? मग ऐकते म्हणूनच हसते ना? आणि गोदूबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "जीभ आवर गो. आई होऊन लेकराला बहिरी म्हणतेस? हिरामण पण उशिराच बोलला. आता त्याला गप्प करायची पाळी येते."

सरू उत्तराला उत्तर देणारी नव्हती. सातवीपर्यंत शिकली होती, पण घरात तिच्या शिकण्याचं कुणाला काही नव्हतं. तिनं मनाशी ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. दसऱ्याला हिरामणला सुट्टी होती. तेव्हा सगळ्यांना बसवायचं, बायला बसवायचं आणि मला हातात घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धमक उतरवून दाखवायची. मग कोण नाही म्हणेल?

मी तयार होतो. खरंच सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्या हातून नुसतं गाणं नाही, काहीतरी मोठं होणार.

दसऱ्याला सकाळी घरातल्या हत्यारापात्यारांची पूजा असते. विळे, कोयता, नांगराचा फाळ, आणि आताशा मोटारसायकल, मिक्सर, टीव्ही, पाण्याचा पंप. जे जे आपल्यासाठी राबतं त्याला गंध-फूल. गोदूबाई न्हाऊन, ओल्या केसांनी, हातात तबक घेऊन घरभर फिरली. कुंकू पाण्यात घट्ट कालवलेलं, वर हळद, वर अक्षता. मिक्सरला लावलं. टीव्हीला लावलं. मला पाठीवर एक बोट लावलं, मला गुदगुल्या झाल्या. मग ती बफरपुढे बसली आणि लावायचं कुठे ते शोधू लागली. बटण म्हणजे नाक धरलं तर वर कपाळ आलंच. तिथे नेमकी ती काळी खिडकी. छान गुळगुळीत, टिळ्याला जागा केल्यासारखी.

गोदूबाईनं अंगठा भरून कुंकू घेतलं आणि खिडकीवर ठेवलं. वरून अक्षता दाबल्या. हात जोडले.

मी टीव्हीच्या फळीवरून बघत होतो. मी काय करणार होतो? बटण दाबल्याशिवाय मला लुकलुकतासुद्धा येत नाही.

दुपारी जेवणं झाली. सरूनं बायला चटईवर बसवलं, गोल बटण फिरवून गाणं लावलं, सगळ्यांना बसा म्हणाली. मला उचलून धमक उतरवायचं बटण दाबलं. माझा दिवा लुकलुकला. निरोप गेला आणि वाळलेल्या कुंकवावर आपटून खाली पडला. धमक चालूच. बाय नाचतेच आहे. सरूनं पुन्हा दाबलं. पुन्हा. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं.

गोदूबाई म्हणाली, बघितलं ना, नाचते ती? आणि उठून विडा करायला गेली. हिरामण हसला. म्हणाला, रिमोट मेला.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. रिमोट चालेनासा झाला की माणूस काय काय करतो ते मी अंगावर सोसलं आहे. आधी हिरामणनं माझी पिशवी काढली, पाठीचं झाकण काढलं आणि सेल अंगठ्यानं गोल गोल फिरवले. मग मला तळहातावर आपटलं. मग मांडीवर. मग सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवले. ते तापल्यावर घातले. मग ते दाताखाली चावले. मग नवे आणले. बटणांखालची पट्टी खोडरबरानं घासली. मला फुंकर मारली, मला शिव्या दिल्या. एवढं करून मला धरायचं कुणाकडे? त्या टिळ्याकडेच. बफरकडे कुणी वाकून बघितलं नाही. त्याची पूजा झालेली, त्याच्यात खोट कशी असेल?

शेवटी केरूला बोलावलं. केरू लग्नात स्पीकर लावतो, गावात तोच या कामातला जाणता. त्यानं मोबाइलचा कॅमेरा माझ्या दिव्यासमोर धरला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्यात माझा उजेड दिसला. मला वाटलं, सुटलो. केरू म्हणाला, रिमोट तर पेटतोय, म्हणजे बफरच्या आतलं काहीतरी उडालं असणार, पेणला न्यायला लागेल. बफर जड, मोटारसायकलवर बसणारा नव्हे. आणि शिवारात भात पिवळं होऊन वाकलेलं. कापणी आली. हिरामण म्हणाला, कापणी झाल्यावर बघू. गाणं तर लागतंय ना?

गाणं लागत होतं. तेच तर सरूचं दुःख होतं.

कापणीचे दिवस तिनं कसे काढले ते मी फळीवरून बघितलं. बायच्या पाठीमागे जाऊन ती टाळी वाजवायची. कधी बाय वळायची, कधी नाही. वळली की सरूच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग लगेच वाटायचं, माझी सावली पडली म्हणून तर वळली नसेल? हिरामण संध्याकाळी दारातून बाय म्हणून हाक मारायचा, ती लगेच बघायची. तो म्हणायचा, ही बघ. पण तो दारात आला की खोलीतला उजेड अडायचा, हे सरूला दिसत होतं. सांगायचं कुणाला? एकदा शेतावरून येऊन ती मला हातात घेऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, तू तरी चाल रे बाबा. मी चालतच होतो. प्रत्येक वेळी लुकलुकत होतो. तिला दिसत नव्हतं.

दिवाळीआधी अंगण सारवलं, घर पुसलं. गोदूबाईनं बजावलं होतं, दसऱ्याचं कुंकू पुसायचं नाही, ते आपोआप झडतं, आपण पुसलं तर हत्यार रुसतं. सरूनं ओल्या फडक्यानं बफर सगळीकडून पुसला. वरून, बाजूनं, बटणाच्या खाचेतून. टिळ्याजवळ आली आणि फडकं गोल वळवून पुढे नेलं. एवढ्या काळजीनं की एक अक्षता पडली नाही. मी बघत होतो. त्या वेळी मला तोंड मिळावं म्हणून मी काय दिलं असतं, सांगवत नाही.

मेलेला समजून मला खेळायला बायकडे दिलं होतं. ती मला तोंडात घालायची, लादीवर आपटायची. लाळेनं मी सदा चिंब. आता ती धरून उभी राहू लागली होती आणि उभं राहायला तिला बफरच आवडायचा. गाणं लागलं की ती बफरला मिठी मारायची. गाल लावायची, ओठ लावायची, सगळी धमक अंगात घ्यायची.

दिवाळी झाल्यावर एक दिवस हिरामण घरी होता. झावळ्यांचा खराटा बांधत दारात बसला होता. गाणं चालू होतं आणि बाय एका हातात मला घेऊन बफरला चिकटली होती. तिचं तोंड नेमकं त्या खिडकीवर. ती चाटत होती, तळव्यानं फासत होती. जेवढा वेळ लागला तेवढा लागला. सरू आतून आली आणि किंचाळलीच. बायची हनुवटी, गाल, हात सगळं लाल. तिला वाटलं, लागलं. धावत येऊन तिला उचललं, तोंडात बोट घातलं, पदरानं पुसलं. रक्त नव्हतं. कुंकू होतं.

ओढाताणीत बायनं मला घट्ट धरलं. तिच्या मुठीत कुठलं तरी बटण दाबलं गेलं. खिडकी उघडी होती. निरोप पोचला.

गाणं थांबलं.

हिरामणचा हात खराट्यावर थांबला. सरूनं बफरकडे बघितलं. लाल फरकाट्यामधून काळी काच चमकत होती. तिला एका क्षणात सगळं कळलं. तिनं पदराचं टोक थुंकीनं भिजवलं आणि ती काच स्वच्छ पुसली. सासूला विचारलं नाही. बायच्या मुठीतून मला सोडवलं आणि म्हणाली, "तुम्ही इथे या. लांबून नको, जवळ या."

तिनं बायला झोळीत बसवलं, लादीपासून वर, बफरकडे पाठ करून. झोळीच्या दोरीला लाल लोकर बांधलेली होती, ती बायच्या हातात दिली. मग मला धरून आधी धमक पार उतरवली. मग गाणं लावलं आणि आवाज चढवायला लागली.

मी चढवत गेलो. माझं कामच ते. खणखण आवाजानं अंगणातली कोंबडी उडाली. शेजारून कुणीतरी ओरडून विचारलं, कुणाची हळद गो? गोदूबाई हातातलं सूप घेऊन धावत आली. बाय लोकर ओढत होती. हिरामणनं माझ्यावरचा सरूचा अंगठा बाजूला केला आणि स्वतः दाबलं. जेवढा चढतो तेवढा आवाज चढवला. मग बायच्या पाठीमागे वाकून तिच्या मानेजवळ हाक मारली. काय मारली ते मलासुद्धा ऐकू आलं नाही.

बाय लोकरीचं टोक तोंडात घालून चोखत होती.

हिरामणनं माझं लाल बटण दाबलं. घर एकदम सुनं झालं. दारातून गोदूबाई म्हणाली, "झोप आली असंल गो तिला."

"डोळे उघडे हायत, आय," सरू म्हणाली.

बायनं मान वळवून सगळ्यांना बघितलं आणि एवढी माणसं आपल्याभोवती का, म्हणून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाई बफरपुढे जाऊन बसली. खाचेत थोडं कुंकू राहिलं होतं, ते तिनं नखानं काढलं. सरू मागे उभी होती. गोदूबाई म्हणाली, "मीच लावलं होतं." सरू म्हणाली, तुम्ही चांगल्यासाठीच लावलंत. मग दोघी चुलीकडे गेल्या.

मोठ्या दवाखान्यात मीही गेलो होतो, कारण बाय मला सोडेना. तिथे एका डॉक्टरबाईंनी तिच्या कानाला तारा लावल्या आणि झोपेतच तपासलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, गाण्याला हसते ते कानानं नाही, अंगानं. धमक तिच्या पायांतून चढते. हे सरूला गणपतीतच कळलं होतं, तरी तिनं मान हलवून ऐकून घेतलं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. ती एकच विचारत होती, बोलेल ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, लवकर आणलंत हे बरं केलंत, पुढचं आताच सांगता येणार नाही.

आता बायच्या दोन्ही कानांना छोटी मशिनं आहेत. ती ओढून काढते, सरू पुन्हा लावते. दिवसातून कितीदा, सरूलाच ठाऊक. रोज पाठीमागून हाक मारून बघते. बाय एखाद्या वेळी वळते. मशिनमुळे वळली की सहजच वळली, ते मला सांगता येत नाही. सरूलाही येत नाही.

बफर एका हळदीला गेला तो तिकडेच राहिला. हिरामण आणायला गेला नाही. माझे सेल सरूनं काढून टाकले, बाय गिळेल या भीतीनं. म्हणजे आता माझ्यात जीव नाही आणि समोर माझं ऐकणारं कुणी नाही. निरोप पाठवायची वेळ आली तरी मी पाठवू शकणार नाही.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या घरात लहान मूल असेल तर या मुक्या वस्तूचं एवढं ऐका. ते गाण्यावर नाचतं म्हणून निर्धास्त राहू नका. धीट आहे म्हणून कौतुक करत बसू नका. आणि त्याच्या आईला भीती वाटत असेल तर तिला गप्प करू नका. तिच्याकडे दाखवायला काही नसेल, तरी तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चाला.

बाकी माझं म्हणाल तर मी बायकडेच आहे. बटणांवरचं अक्षर पुसलं आहे. ती मला दोन्ही हातांनी धरते, आईवर रोखते आणि दाबते. पहिल्या दिवशी सरूला कळलं नाही ती काय मागते आहे. मग ती उठून उभी राहिली. बायनं पुन्हा दाबलं. सरू खाली बसली.

तेव्हापासून रोज चालतं. बाय दाबते, आई उठते. बाय दाबते, आई बसते, गाल फुगवते, पदर डोक्यावर घेते. भाकरी तव्यावर असली तरी उठते. माझ्यात सेल नाहीत, दिवा पेटत नाही. तरी बायचा एकही निरोप वाया जात नाही.